हिशोब विचारला तर शील मोडतं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

एका औद्योगिक शहराच्या कडेला वसलेल्या वसाहतीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय चाळिशीच्या पुढे, खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम. लग्न होऊन आल्यापासून त्या वसाहतीतल्या बुद्धविहारात जातात. सासूबाई महिला मंडळातल्या जुन्याजाणत्या. विहाराचा कारभार एक निवृत्त कामगार पाहतात, त्यांना सगळे काका म्हणतात. दानाचे पैसे काकांकडे, नोंदी त्यांच्या खिशातल्या डायरीत, पावती कधी मिळते, कधी नाही. यंदा वर्षावासात (आषाढ ते आश्विन पौर्णिमेच्या काळात) ग्रंथवाचनाला गर्दी चांगली आहे, दानही बरं जमतं आहे. ताईंनी काकांना दोनदा सहज विचारलं, तर "बघू, बसू एकदा" एवढंच उत्तर आलं. मग एका रात्री साडेदहाला त्यांनी विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "गेल्या तीन वर्षांच्या दानाचा हिशोब कुणाकडे आहे? की पंचशील नुसतं म्हणायचं असतं?" दुसऱ्या दिवसापासून काका वाचनाला यायचे थांबले, विहाराची चावी शेजारच्या पोराकडे देतात. महिला मंडळात कुजबुज सुरू आहे. सासूबाईंनी अबोला धरलाय. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "विपश्यनेचं शिबिर करून आलीस ना, मग एवढा राग कसा?" बारा वर्षांची मुलगी रविवारच्या धम्मवर्गाला नको म्हणते. ताई विचारतात, बौद्ध म्हणून मी गप्प बसायला हवं होतं का? उपेक्षा, म्हणजे समभाव, ठेवून घरीच वंदना आणि ध्यान केलं तर काय बिघडतं?

ताई, जय भीम.

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली तीन पानं काकांविषयी आहेत. तरी मी सुरुवात शेवटच्या दोन ओळींपासून करते, कारण खरा गुंता तिथं आहे. गप्प बसायला हवं होतं का? नाही. पण तुम्ही जसं बोललात तसंही बोलायला नको होतं. या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींत अडकल्या आहेत. एकीचा अपराधीपणा दुसरीला लागलाय, आणि म्हणून आता सगळंच सोडून घरी बसावंसं वाटतंय.

चांगला बौद्ध म्हणजे ज्याला राग येत नाही, जो कुणाला काही विचारत नाही आणि ज्याच्या चेहऱ्यावर कायम मूर्तीसारखं स्मित असतं, हे चित्र आपल्याकडे कुठून आलं कुणास ठाऊक. त्या ज्येष्ठ उपासकांच्या डोक्यात तेच चित्र आहे आणि थोडंफार तुमच्याही. भिक्खुसंघाचे नियम उघडून पाहिले तर वेगळंच दिसतं. संघात एखादा निर्णय घ्यायचा असेल तर प्रस्ताव सगळ्यांसमोर मांडतात, आणि महत्त्वाचा असेल तर तो तीन वेळा पुकारतात. उपसंपदेच्या, म्हणजे भिक्खू म्हणून पूर्ण दीक्षा देण्याच्या, वेळी आजही तेच होतं. ज्यांना मान्य असेल त्यांनी मौन राखावं, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावं, असं स्पष्ट सांगितलं जातं. म्हणजे तिथं मौनाची गणती होकारात होते. पटत नसताना गप्प बसलेला भिक्खू शांत ठरत नाही, तो होकार देऊन बसलेला असतो. तुम्ही तीन वर्षं गप्प होतात तेव्हा तुमचाही होकार त्या डायरीत जमा होत होताच.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत शेवटचं मोठं भाषण केलं, त्यात हेच आवर्जून सांगितलं होतं. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं भिक्खुसंघांना ठाऊक होतं. लोकशाही या देशाला नवी नाही हे सांगताना त्यांना संघ आठवला. अशा परंपरेतल्या विहारात पावतीपुस्तकाचा विषय काढला म्हणून शील मोडतं असं कुणी म्हणत असेल, तर त्यांना अगदी नम्रपणे विचारा की कोणतं शील.

तुमच्याकडे बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालू आहे. पहिल्याच भागात रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग येतो, तो तुम्ही यंदाही ऐकला असेल. शेजारच्या कोलियांशी युद्ध करावं असा सेनापतीचा ठराव शाक्य संघासमोर, म्हणजे शाक्यांच्या सभेसमोर, येतो आणि तरुण सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो. तो नुसता नाही म्हणून खाली बसत नाही. आपण दोन माणसं निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा, अशी पर्यायी सूचना तो मांडतो. मतदान होतं आणि तो हरतो, चांगल्या मोठ्या फरकानं. पुढे त्याला घर सोडावं लागतं ते या भांडणातून. वाचनाच्या वेळी आपण हा भाग ऐकून "साधु, साधु, साधु" म्हणतो आणि बाहेर येऊन चपला घालता घालता सुनेला सांगतो, मोठ्यांसमोर तोंड उघडू नये.

विरोध करणारा सिद्धार्थ सभेत बोलला, सगळे समोर असताना, आणि दोषापेक्षा वाट दाखवण्यावर त्यानं जास्त शब्द खर्च केले. आता तुमच्या निरोपाकडे येते.

तुम्ही लिहिलंय, "मी फक्त हिशोब विचारला." ताई, तुमच्याच पत्रात तुम्ही निरोप जसाच्या तसा दिलाय. त्यात दोन वाक्यं आहेत. पहिलं वाक्य हिशोब विचारतं. पंचशीलात चोरी न करण्याचं शील आहे, म्हणून दुसरं वाक्य दोनशे माणसांसमोर एका वयस्क माणसाला चोर म्हणतं, तेही नाव न घेता, म्हणजे त्याला उत्तर द्यायचीही सोय ठेवत नाही. दुसऱ्याला त्याची चूक दाखवण्याआधी पाच गोष्टी पाहाव्यात असं बुद्धांनी सांगितलंय: वेळ योग्य आहे का, बोलणं खरं आहे का, सौम्य आहे का, हिताचं आहे का, आणि मनात मैत्री आहे का. तुमचं पहिलं वाक्य यातून बऱ्यापैकी पार पडतं, वेळ सोडली तर. रात्री साडेदहाला माणसं अंथरुणात पडून फोन बघतात, त्या वेळी आलेला प्रश्न सकाळपर्यंत आरोप होऊन जातो. दुसरं वाक्य मात्र पाचांपैकी एकाही कसोटीला उतरत नाही. ते खरं आहे की नाही हेसुद्धा तुम्हाला माहीत नाही. हिशोब मिळाला नाही एवढंच तुम्हाला माहीत आहे. हिशोब नसणं आणि पैसे खाणं यातला फरक अकाउंट्सच्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

(आणि विहाराचा व्हॉट्सॲप ग्रुप ही जागा वंदनेची वेळ आणि भंतेजींच्या येण्याची खबर देण्यासाठी ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं कुठलाही वाद मिटलेला मी ऐकलेला नाही.)

आणखी एक खटकलं ते सांगून टाकते. पत्रात "अडाणी कारभार" हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. काका कमी शिकलेले असतील. पण विहार पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून ते तिथं आहेत, हेही तुम्हीच लिहिलंय. अशा डायऱ्या मी पाहिल्या आहेत. "दूध १२ ली., साखर ५ किलो, भंतेजी रिक्षा ८०, बल्ब १" अशा ओळी असतात, मधेच कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची तारीख, एखाद्या पानावर रेशनचा नंबर. ताळेबंद त्यातून निघत नाही हे खरं. पण पुष्कळदा पैशापैशाची नोंद असते, फक्त ती लिहिणाऱ्यालाच लागते. तुमचं शिक्षण इथं उपयोगी पडणार आहे. ते कारकुनी कामाला लावा, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नका. तिथं बसलं की अहंकार वाढतो, आणि दहा दिवसांचं शिबिर करून आलेल्याला त्याचं वेगळं वर्णन सांगायला नको.

कोसंबीची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी इथं तपशिलात सांगते, कारण ती फार ओळखीची वाटते. यमुनेच्या काठी कोसंबीत घोषिताराम नावाचा विहार होता. तिथं एक धम्म शिकवणारा भिक्खू शौचाहून आला आणि उरलेलं पाणी भांड्यात तसंच ठेवून गेला. विनयाचे, म्हणजे संघाच्या नियमांचे, जाणकार असलेल्या दुसऱ्या भिक्खूनं ते पाहिलं आणि हा दोष आहे म्हणाला. पहिला म्हणाला, ठीक, कबूल करतो. दुसरा म्हणाला, मुद्दाम केलं नसेल तर दोष नाही. विषय तिथंच संपायला हवा होता. पण दुसऱ्यानं नंतर आपल्या शिष्यांना सांगितलं की त्याला स्वतःचा दोषसुद्धा कळत नाही. त्या शिष्यांनी ते पहिल्याच्या शिष्यांना ऐकवलं. मग दोन गट झाले, एकाला संघातून निलंबित केलं गेलं, लोकही विभागले गेले. बुद्ध समजवायला गेले तर भिक्खू म्हणाले, भगवान, आपण यात पडू नका, आमचं आम्ही बघून घेऊ. शेवटी बुद्ध एकटेच निघून गेले आणि पारिलेय्यकच्या वनात राहिले.

ही गोष्ट सहसा इथं, वनात हत्ती आणि माकडानं केलेल्या बुद्धांच्या सेवेपर्यंत येऊन थांबते. मला त्याच्या मधला थांबा जास्त आवडतो. वनात जाण्याआधी वाटेत बुद्ध अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तिघा भिक्खूंकडे गेले. विचारलं, तुम्ही गुण्यागोविंदानं राहता का? ते म्हणाले, दुधात पाणी मिसळावं तसे. कसं काय, असं विचारल्यावर त्यांनी काही मोठं तत्त्वज्ञान सांगितलं नाही. भिक्षेहून जो आधी येतो तो आसनं मांडतो, पिण्याचं पाणी भरून ठेवतो. जो शेवटी येतो तो आवरतो, जेवणाची जागा झाडतो. ज्याला घागर रिकामी दिसेल तो भरतो, एकट्याला उचलत नसेल तर हातानं खूण करून दुसऱ्याला बोलावतो. कोसंबीत भांडण एका भांड्यातल्या पाण्यावरून लागलं आणि इथं सलोखा टिकला तोही घागरीतल्या पाण्यावर. म्हणून तुम्हाला माझी पहिली सूचना ध्यानाची नाही. उद्यापासून विहार झाडायच्या वेळी जा.

काका वाचनाला येत नसले तरी झाडायला येत असतील, अशी माणसं ते सोडत नाहीत. तिथं त्यांना भेटा. सोबत कुणी नको, फोन पिशवीत ठेवा. माफी मागा, पण नेमकी कशाची ते ठरवून जा. असं काहीतरी म्हणता येईल: "काका, ग्रुपवर लिहिलं ते चुकलं. पंचशीलाचं वाक्य तर लिहायलाच नको होतं, ते मी मागे घेते. हिशोबाचा प्रश्न मात्र माझ्या मनात आहे, आणि तो तुमच्याशीच बोलायला हवा होता." शेवटचं वाक्य गाळू नका. सगळ्याचीच माफी मागून मोकळं झालात तर दोन महिन्यांनी तोच राग पुन्हा वर येईल. आणि ग्रुपवर जे लिहिलं ते ग्रुपवरच मागे घ्या, दोन ओळींत, खुलासे न देता. चारचौघांत दुखावलेल्या माणसाला एकांतातली माफी पुरत नाही.

ते लगेच विरघळतील असं समजू नका. कदाचित झाडू हातात ठेवून नुसतं "बरं" म्हणतील. चालेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा आणि हिशोबाचा विषय न काढता झाडायला लागा.

थोडं बोलणं सुरू झालं की मदत म्हणून मांडा: "तुम्ही डायरीतून वाचून सांगा, मी वहीत उतरवते." जमा एका बाजूला, खर्च एका बाजूला, एवढी साधी वही. यंदाच्या आषाढ पौर्णिमेपासूनच सुरुवात करा, म्हणजे वर्षावासाचं दान आधी मार्गी लागेल. क्रमांक छापलेलं पावतीपुस्तक, विहाराच्या नावाचं बँक खातं, दोघांच्या सह्या, आणि दर पौर्णिमेला फलकावर खडूनं लिहिलेली जमा, खर्च आणि शिल्लक, एवढं झालं तरी निम्म्या कुजबुजी बंद होतील. त्या दोन सह्यांपैकी एक बाईची असावी असं मला वाटतं. खिरीचं पातेलं महिला मंडळाकडे आणि पैशाची पेटी पुरुषांकडे, ही वाटणी पुष्कळ विहारांत कुणी न ठरवता चालू आहे, आणि तुम्ही तर हे काम पोटासाठी करता.

मग कार्यकारिणीसमोर किंवा सर्वसाधारण सभेत रीतसर प्रस्ताव ठेवा. इथं सिद्धार्थाची ती पाच जणांची सूचना कामाला येईल. काकांच्या बाजूचे दोघे, ज्यांना शंका आहेत त्यांच्यातले दोघे, आणि चौघांनी मिळून निवडलेला पाचवा. भंतेजींना पाचवा करू नका. त्यांना पैशाच्या वादात ओढणं त्यांच्यावरही अन्याय आहे, आणि उद्या त्यांच्या शब्दावरून नवे गट पडतील.

मागच्या तीन वर्षांचं काय? विनयात भांडण मिटवण्याच्या सात पद्धती सांगितल्या आहेत. त्यातली एक म्हणजे तिणवत्थारक, गवतानं झाकणं. भांडणात दोन्ही बाजूंकडून इतकं काही बोललं-केलं गेलेलं असतं की एकेक उकरत बसलं तर संघच फुटेल. अशा वेळी सगळे एकत्र बसतात, दोन्ही बाजू आपापल्या चुका सामूहिकपणे कबूल करतात आणि वर गवत टाकतात. घाण गवतानं झाकली की तिचा वास येत नाही, असा तो अर्थ. पण याला मर्यादा घातलेली आहे. गंभीर दोष असे झाकता येत नाहीत, आणि गृहस्थांशी संबंधित असलेलेही नाहीत. तुमच्या बाबतीत मी ते असं लावीन: कोण काय बोललं, कुणी कुणाकडे पाठ फिरवली, कुणाच्या सुनेनं कुणाच्या सासूला काय सांगितलं, यावर खुशाल गवत टाका. दान देणाऱ्यांचा पैसा मात्र गवताखाली जात नाही. जुन्या वर्षांच्या पावत्या मिळतील तेवढ्या लावा. जिथं नोंदच नाही तिथं "नोंद उपलब्ध नाही" असं लिहा आणि पाचही जणांनी खाली सही करा. तिथं रेघ मारा.

हे सगळं करूनही काकांनी डायरी दाखवायला साफ नकार दिला तर? किंवा दाखवली आणि खरंच मोठी रक्कम गायब निघाली तर? मग हा प्रश्न स्वभावाचा राहत नाही. तुमचं विहार नोंदणीकृत आहे का, हे पत्रात नाही. असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यानुसार हिशोब ठेवणं आणि दरवर्षी लेखापरीक्षण करून घेणं विश्वस्तांवर बंधनकारक आहे, आणि दाद मागायला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथं जाणं धम्मविरोधी नाही. फक्त ती पहिली पायरी करू नका. आधी तोंडी, मग सभेत, मग लेखी, आणि शेवटी कार्यालय. कोसंबीचे भिक्खू ऐकेनात तेव्हा गावच्या उपासकांनी त्यांना वंदन करणं आणि भिक्षा घालणं बंद केलं, आणि त्यामुळेच ते भानावर येऊन श्रावस्तीला बुद्धांकडे गेले. संघ चुकत असेल तर गृहस्थांनी बघत बसावं असं त्या गोष्टीत कुठेही नाही.

आता घरी बसण्याविषयी. बुद्धही कोसंबी सोडून गेले, मग मी विहार सोडलं तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणू शकता. थोडे दिवस लांब राहण्यात काहीच बिघडत नाही. मन तापलेलं असताना पौर्णिमेला शेजारच्या वसाहतीतल्या विहारात गेलात तरी चालेल. कुणी अंगावर धावून येत असेल, घाणेरडं बोलत असेल, तर लांबच राहा, तिथं सहनशीलतेची परीक्षा द्यायची नाही. पण तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. दिसतो तो अवघडलेपणा. आणि त्यासाठी तुम्ही उपेक्षेचं नाव पुढे करताय. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि मग उपेक्षा, हा क्रम तुम्ही शिबिरात ऐकलाय. पहिल्या तीन पायऱ्या वगळून चौथीवर उडी मारली की हाती येतं ते दुर्लक्ष. काकांविषयी मनात थोडी तरी मैत्री उरली आहे का, ते आधी तपासा. उरली असेल तर झाडू हातात घेणं जमेल. नसेल तर घरच्या ध्यानातही काकाच समोर येऊन बसतील.

सासूबाईंवर तुम्ही चिडून लिहिलंय, त्यावर थोडंसंच सांगते. त्यांच्या पिढीनं त्या विहाराच्या विटा डोक्यावरून वाहिल्या असतील, मंगळसूत्रातले मणी मोडून वर्गणी दिली असेल. कुणी हिशोब मागितला की त्यांना त्या हातांवर शंका घेतल्यासारखं वाटतं. त्यांना पटवायला जाऊ नका. एका दुपारी चहा करून त्यांच्यासमोर बसा आणि शेडचं विहार कसं झालं ते विचारा. कुणी किती दिलं, सिमेंट कुठून आलं, मूर्ती कुणी आणली. त्या सांगतील, आणि माझा अंदाज आहे की त्यातला निम्मा हिशोब त्यांना तोंडपाठ निघेल. जुन्या वर्षांच्या वहीला तो उपयोगीही पडेल.

मुलीला धम्मवर्गाला ढकलू नका. ती नको म्हणते कारण तिथल्या मुली तिच्याशी बोलताना थांबतात, हे उघड आहे. तिला खरं सांगा: मी एक बरोबर प्रश्न चुकीच्या पद्धतीनं विचारला, आता तो नीट विचारायला शिकतेय. बारा वर्षांच्या मुलीला हे सहज कळतं. ग्रुपवर तुम्ही शब्द मागे घेतलेत हे तिनं पाहिलं तर ती आपणहून जाईल.

हे सदर काकाही वाचत असतील, तुमचे नव्हेत, दुसऱ्या कुठल्या वसाहतीतले. त्यांच्यासाठी थोडं. काका, तुम्ही नसतात तर विहार उभं राहिलं नसतं, हे मान्य. पण वर्षावास संपताना, आश्विन पौर्णिमेला, भिक्खू प्रवारणा करतात. प्रत्येक भिक्खू संघासमोर म्हणतो, माझ्या हातून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका आली असेल, तर अनुकंपेनं मला सांगा. नुसती शंका असली तरी सांगा म्हणतात, पुरावा आणा म्हणत नाहीत. एका प्रवारणेला खुद्द बुद्धांनी पाचशे भिक्खूंना विचारलं होतं, माझ्या कायेत किंवा वाणीत काही दोष दिसला का. तुम्ही यंदा सांगतेच्या दिवशी, भोजनदानाआधी, डायरी टेबलावर ठेवून एवढंच म्हणा, ज्याला बघायची त्यानं बघावी. लोकांचा तुमच्याबद्दलचा आदर तिळभरही कमी होणार नाही. आणि तुम्हाला विचारणारी सून किंवा पोरगा विहाराच्या मुळावर उठलाय असं समजू नका. तुमच्यानंतर चावी कुणाकडे द्यायची याची काळजी तुम्हालाच रात्री झोपू देत नाही ना?

ताई, तुमच्या विहारातही ही प्रवारणा या वेळी करून बघा. कार्यकारिणीतल्या प्रत्येकानं उभं राहून ते वाक्य म्हणायचं, आणि ज्याला बोलायचं त्यानं ते पाच निकष सांभाळून बोलायचं. प्रस्ताव महिला मंडळाकडून आला तर उत्तम, आणि सासूबाईंनी मांडला तर त्याला कुणी विरोध करणार नाही. पहिल्या वर्षी बहुतेक सगळे गप्प बसतील किंवा माईकबद्दल तक्रार करतील. तरी करा.

ता. क. मध्ये तुम्ही विचारलंय की सांगतेच्या खीरदानाची वर्गणी द्यावी की हिशोब मिळेपर्यंत थांबवावी. द्या. खीर वसाहतीतली पोरं खातात, त्यांचा या भांडणाशी संबंध नाही. पावती मागा. पुस्तक संपलंय असं उत्तर आलं तर स्टेशनरीच्या दुकानातून दोन नवी पुस्तकं आणा, कार्बनसकट, आणि त्यांचा खर्च तुमच्या नावे दान म्हणून पहिल्याच पावतीवर लावा. सही काकांनाच करू द्या.